रील भारी, पण डोक्यावर काय फिरतंय?

कॉलेजचा स्पोर्ट्स वीक असो, नाहीतर गावाकडची टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा. फायनलची शेवटची ओव्हर चालू आहे, बाउंड्रीला माणसं चिकटून उभी आहेत आणि वरून मधमाशीसारखं गुणगुणणं ऐकू येतं. मान वर केली की ड्रोन दिसतो. मग तुम्ही काय करता? हात हलवता. आपण सगळेच हलवतो. संध्याकाळी रीलमध्ये मुंगीएवढे दिसतो आणि तरीही ‘मी आहे बघ त्यात’ म्हणून ग्रुपवर टाकतो.

हे वरचं यंत्र आत्ता बंद पडलं तर कुठे पडेल, हा प्रश्न मात्र हात हलवताना कुणाला पडत नाही.

बारावीच्या फिजिक्सवर हिशेब होतो, करूनच बघा. चांगला कॅमेरा असलेला मध्यम ड्रोन साधारण 900 ग्रॅमचा धरू. तो 30 मीटरवरून, म्हणजे अंदाजे दहाव्या मजल्यावरून सुटला तर जमिनीजवळ वेग होतो ताशी 87 किलोमीटर आणि ऊर्जा सुमारे 265 ज्यूल. आता 160 ग्रॅमचा लेदर बॉल ताशी 140 किलोमीटरने टाका. त्याची ऊर्जा भरते 120 ज्यूलच्या आसपास. हवेच्या अडथळ्यामुळे ड्रोनचा खरा आकडा कमी येईल, मान्य. निम्मा धरला तरी तो फास्ट बोलरच्या बॉलच्या बरोबरीला बसतो. आणि बॅट्समनच्या डोक्यावर हेल्मेट असतं, बॉल येतोय हे त्याला माहीत असतं. तुमचं लक्ष स्कोअरकडे असतं.

‘आपला पोरगा एक्स्पर्ट आहे, काही होत नाही’ असं म्हणणाऱ्यांना इटलीतली एक शर्यत दाखवायला हवी. 22 डिसेंबर 2015, मदोन्ना दी कांपिल्यो. स्कीइंगच्या वर्ल्ड कपची रात्रीची स्लालम शर्यत. ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर बर्फावरून खाली येतोय आणि त्याच्या अगदी पाठीमागे एक मोठा कॅमेरा ड्रोन धाडकन आपटतो. हिर्शर क्षणभर मागे असता तर तो थेट त्याच्या अंगावर आला असता. त्याला ते तेव्हा नीट कळलंही नाही. तो खाली पोचला, दुसरा आला. व्हिडिओ मिळेल, जरूर बघा. हा ड्रोन कुणा हौशी पोराचा नव्हता. टीव्ही प्रक्षेपणासाठी, आयोजकांच्या माहितीनं, व्यावसायिक पायलट तो उडवत होता. तरी पडला. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं त्यानंतर शर्यतींवरून कॅमेरा ड्रोन बंदच केले.

हिर्शर वाचला. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल 2014 मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जेराल्डटनला ट्रायथलॉनमध्ये धावणारी एक खेळाडू इतकी नशीबवान नव्हती. शर्यतीचं शूटिंग करणारा ड्रोन कोसळला आणि तिच्या डोक्याला टाके पडले. 3 सप्टेंबर 2015 ला न्यूयॉर्कच्या यूएस ओपनमध्ये फ्लाव्हिया पेनेट्टाची मॅच चालू असताना एक ड्रोन स्टँडमध्ये पडला. त्या खुर्च्या रिकाम्या होत्या, एवढंच. उडवणारा शिक्षक निघाला, त्याला अटक झाली. त्याच आठवड्यात केंटकी विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमवर ड्रोन आदळला आणि तो उडवणारा त्याच विद्यापीठात शिकत होता. शाखा? लॉ. आता बोला.

पडला नाही तरी गोंधळ होतोच. ऑक्टोबर 2014 मध्ये बेलग्रेडला सर्बिया-अल्बानिया फुटबॉल मॅचवर एक ड्रोन राजकीय झेंडा लटकवून आला. आधी खेळाडू भिडले, मग प्रेक्षक मैदानात घुसले आणि मॅच अर्धवट सोडावी लागली. जानेवारी 2024 मध्ये बाल्टिमोरला अमेरिकन फुटबॉलचा सेमीफायनलच्या तोडीचा सामना एका हौशी ड्रोनमुळे थांबवला गेला. तिथला नियम स्पष्ट आहे. 30 हजार किंवा जास्त प्रेक्षकांच्या स्टेडियममध्ये मोठ्या लीगची मॅच असेल, तर एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत आसपासच्या साडेपाच किलोमीटरांत ड्रोन उडवायचा नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे स्टेडियमपेक्षा गर्दी बाहेरच जास्त. दहीहंडीला 2022 मध्ये राज्य सरकारनं साहसी खेळाचा दर्जा दिला. थरांवर थर चढतायत, खाली शेकडो गोविंदा खांद्याला खांदा लावून उभे आहेत, आणि सगळ्यात वरच्याचा क्लोजअप हवा म्हणून ड्रोन खाली खाली येतोय. तिथे पंख लागायचीही गरज नाही, वरच्याचं लक्ष विचलित झालं तरी पुरे. बैलगाडा शर्यतीतही तेच. घाटात बैल सुटलेले, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत आणि बैलांच्या कानाशी तो घूं आवाज. बुजलेला बैल कुठे वळेल हे त्याच्या मालकालाही सांगता येत नाही.

गर्दीवर ड्रोन जास्त धोक्यात असतो, याची कारणं साधी आहेत. हजारो फोन आणि हॉटस्पॉट यांच्या गजबजाटात रिमोटचा सिग्नल तुटू शकतो. सिग्नल तुटला की बहुतेक ड्रोन ठरलेल्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत परतायला निघतात, आणि त्या रेषेत फ्लडलाइटचा खांब किंवा केबल असू शकते. बॅटरी अगदी तळाला गेली तर बरेच ड्रोन आहेत तिथेच खाली उतरायला लागतात. खाली माणसं आहेत की मोकळं मैदान, हे बॅटरी बघत नाही. शिवाय घारी आहेत, त्यांना हा पाहुणा आवडत नाही. आणि आपले स्पोर्ट्स वीक भरतात नेमके डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे पतंगाच्या मांजाच्या सीझनमध्ये. एक पंखा थांबला की चार पंखांचा ड्रोन विमानासारखा तरंगत येत नाही, गिरक्या खात येतो.

नियमांबद्दल कॉलेजात एक भारी गैरसमज आहे: 250 ग्रॅमच्या आतला ड्रोन म्हणजे फ्री पास. ड्रोन नियम 2021 नुसार या नॅनो गटाला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, हे खरं. पण रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या आणि यलो झोनमध्ये एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या परवानगीशिवाय तोही उडवता येत नाही. नकाशा ‘डिजिटल स्काय’वर आहे, दोन मिनिटांत बघून होतो. शिवाय पोलिस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, मुंबईत तर नेहमीच. त्यात वजन बघत नाहीत.

दुसरी गोष्ट पैशांची. 250 ग्रॅम ते दोन किलोच्या मायक्रो गटात हौसेनं उडवलं तर सर्टिफिकेटची सक्ती नाही. पण मित्राच्या मंडळाची टूर्नामेंट दोन हजारांत शूट करून दिली की ते व्यावसायिक काम झालं. मग वय किमान 18, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं ट्रेनिंग, हे सगळं आलं. नॅनो सोडून बाकी ड्रोनना थर्ड पार्टी विमाही लागतो. नियम मोडले तर दंड एक लाख रुपयांपर्यंत. दोन हजारांच्या कामासाठी हा सौदा कुणाला परवडतो ते तुम्हीच ठरवा.

ड्रोन नकोच, असं माझं म्हणणं नाही. गल्लीतल्या क्रिकेटला टीव्हीसारखा लूक त्याच्यामुळेच आला आणि ते शॉट मलाही आवडतात. पण ड्रोन बाउंड्रीच्या बाहेर, मोकळ्या बाजूला ठेवून कॅमेरा तिरका केला तरी अख्खं मैदान आणि गर्दी फ्रेममध्ये येते. फक्त डोक्यावरून सूंकन जाणारा तो एक शॉट मिळत नाही. एवढंच सोडायचंय.

तुम्ही स्पोर्ट्स कमिटीत असाल तर ड्रोनवाल्याशी रेट ठरवताना सर्टिफिकेट आणि विमा बघून घ्या, टेकऑफची जागा दोरी लावून मोकळी ठेवा, आणि त्याच्या शेजारी फक्त आकाशाकडे बघणारा एक माणूस उभा करा. प्रेक्षक असाल तर त्याला जाऊन विचारा, ‘दादा, सिग्नल गेला तर हा कुठे उतरणार?’ त्याने बोट दाखवून जागा सांगितली तर निवांत मॅच बघा. ‘काही होत नाही रे’ म्हणाला, तर उभं राहायची जागा बदला आणि कमिटीतल्या कुणाला तरी गाठा.