भ्रमणध्वनीचे स्थाननिश्चयन

भ्रमणध्वनीचे (मोबाइलचे) उपकरण ज्या मनोऱ्यांशी रेडिओ तरंगांद्वारे संपर्कात असते, त्यांच्या ज्ञात स्थानांवरून त्या उपकरणाचे स्थान अजमावण्याची पद्धती. उपग्रहांवर आधारलेल्या जीपीएस पद्धतीहून ती भिन्न असून तिच्यासाठी उपकरणात वेगळा ग्राही लागत नाही.

तत्त्व : सेवाक्षेत्र ‘सेल’ नावाच्या विभागांत वाटलेले असते. मनोऱ्यावर सामान्यतः तीन दिशांना आकाशक (अँटेना) बसवितात व प्रत्येक दिशेचा सु. १२०° चा विभाग हा एक सेल होतो. संभाषण चालू असताना उपकरण कोणत्या सेलमध्ये आहे, हे यंत्रणेस ठाऊक असते. एरवी अनेक सेल मिळून होणारा विभागच ठाऊक असतो.

पद्धती : (१) सेलच्या क्रमांकावरून मिळणारे स्थान सर्वांत ढोबळ असते. दाट वस्तीच्या शहरात सेलचा विस्तार काहीशे मीटर, तर ग्रामीण भागात कित्येक किलोमीटर असू शकतो. (२) संकेताच्या विलंबावरून मनोऱ्यापासूनचे अंतर काढता येते. जीएसएम या दुसऱ्या पिढीच्या पद्धतीत हा विलंब ३·६९ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी मोजतात. तेवढ्या वेळात रेडिओ तरंग सु. १,१०० मी. जातात, परंतु हे जाण्यायेण्याचे अंतर असल्यामुळे एक टप्पा सु. ५५० मी. अंतराचा ठरतो. चौथ्या पिढीच्या एलटीई पद्धतीत तो सु. ७८ मी. आहे. यावरून मनोऱ्याभोवतीचा एक कंकणाकृती पट्टा मिळतो, बिंदू नव्हे. (३) संकेत दोन मनोऱ्यांपाशी पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून उपकरण एका अपास्तावर असल्याचे कळते. तिसऱ्या मनोऱ्यामुळे दुसरा अपास्त मिळतो व दोहोंच्या छेदावरून स्थान ठरते. मनोऱ्यांच्या घड्याळांत एक मायक्रोसेकंदाची तफावत असल्यास अंतरांच्या फरकात सु. ३०० मी. चूक होते.

मर्यादा : उपकरण सर्वांत जवळच्या मनोऱ्याशीच जोडले जाते, हा समज बरोबर नाही. डोंगर, इमारती, पाण्यावरून होणारे परावर्तन आणि मनोऱ्यावरील भार यांमुळे दूरचा मनोराही निवडला जातो. शिवाय नोंद उपकरणाची असते, ते बाळगणाऱ्या व्यक्तीची नव्हे.

उपयोग व कायदा : संकटात साहाय्य मागणाऱ्याचा ठावठिकाणा कळावा, यासाठी अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९९६ मध्ये नियम केले. गुन्ह्यांच्या तपासातही या नोंदी वापरतात. दीर्घ काळाच्या नोंदींवरून व्यक्तीचा दिनक्रमच उघड होतो. अशा जुन्या नोंदी मिळविण्यासाठी पोलिसांस सामान्यतः न्यायालयीन अधिपत्र (वॉरंट) आवश्यक आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्पेंटर खटल्यात २०१८ मध्ये दिला. डेन्मार्कमध्ये मूळ नोंदींचे रूपांतर करणाऱ्या संगणकीय प्रणालीत दोष आढळल्याने २०१९ मध्ये १०,००० हून अधिक खटल्यांची फेरतपासणी हाती घेण्यात आली आणि न्यायालयांत अशा नोंदींचा वापर दोन महिने थांबविण्यात आला. म्हणून अशी नोंद पुराव्यात मांडताना सेलचा विस्तार, आकाशकाची दिशा व चुकीची संभाव्य मर्यादा यांचा निर्देश करणे आवश्यक ठरते.