नजर पुढे, हात मागे

हाताने कोणतीही वस्तू उचलायची झाली की आधी नजर तिथे पोहोचते, मग हात. नागपूरच्या दक्षिणेला बेसा येथील एखाद्या स्वयंपाकघरात चहा होत असताना हे सहज दिसते. हात साखरेच्या डब्याचे झाकण लावत असतो आणि नजर केव्हाच चहापत्तीकडे गेलेली असते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाचे मायकेल लँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चहा करणाऱ्यांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून हे मोजले. नजर हाताच्या साधारण अर्धा सेकंद पुढे होती आणि कामाशी संबंध नसलेल्या वस्तूंकडे ती जवळपास वळलीच नाही. स्वतःच्या हाताकडे तर माणूस क्वचितच पाहतो.

याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. पडद्याच्या मधल्या अगदी लहान भागानेच स्पष्ट दिसते. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढेच दृश्य त्यात मावते. म्हणून डोळे सेकंदाला तीनेक वेळा झटक्याने हलतात आणि हाताला लागणारी माहिती त्या त्या ठिकाणाहून गोळा करतात.

एवढ्याने हात नेमक्या जागी जात नाही. डोळे कुठे वळले आहेत, मान कशी आहे आणि हात आत्ता कुठे आहे, या सगळ्याचा मेळ मेंदूला घालावा लागतो. यात मेंदूच्या वरच्या-मागच्या बाजूच्या पार्श्वखंडाचा मोठा वाटा असतो. हालचालीतली चूक सुधारण्याचे काम मुख्यतः लहान मेंदू करतो. हंगेरीचे डॉक्टर रेझो बालिंट यांनी १९०९ मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन केले, ज्याला वस्तू दिसत होती, हातात ताकदही होती, पण वस्तू धरायला गेले की हात चुकत असे. त्याच्या पार्श्वखंडांना इजा झालेली होती.

नजर आणि हात यांच्या जोडीची खरी कसोटी क्रिकेटमध्ये लागते. नागपूरच्या वर्धा रोडवरील जामठ्याच्या मैदानावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय सामने होतात. तिथे ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू व्हायलाच सुमारे एक पंचमांश सेकंद जातो, म्हणजे चेंडूचा सबंध प्रवास पाहून मग फटका ठरवणे अशक्य आहे. लँड आणि पीटर मॅकलिऑड यांनी २००० मध्ये बॉलिंग मशीनसमोर तीन फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. चेंडू सुटताना नजर त्यावर होती. मग ती चेंडूला सोडून पुढे झेपावली आणि टप्पा पडणार त्या जागी थांबून राहिली. टप्प्यानंतर पुन्हा काही काळ चेंडूमागे गेली. कसलेल्या फलंदाजाची झेप नवख्याच्या आधी सुरू झाली. ‘चेंडूवरून नजर हटवू नकोस’ हा मैदानावरचा सल्ला म्हणूनच शब्दशः खरा नाही. चांगला फलंदाज नजर हटवतो, फक्त योग्य क्षणी आणि योग्य जागी.

तिरंदाजीत याच्या उलट, नजर खिळवून ठेवणे महत्त्वाचे. हालचालीच्या आधी लक्ष्यावर स्थिरावणाऱ्या नजरेचा अभ्यास कॅनडाच्या जोन विकर्स यांनी केला. निष्णात खेळाडूंची नजर अधिक काळ स्थिर राहते, असे त्यांना आढळले. नागपूरच्या ओजस देवतळेने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाऊंड प्रकाराच्या अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० पैकी १५० गुण मिळवले. अंतर ५० मीटर आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे होते.

डोळा आणि हात यांचा मेळ जन्मतः तयार नसतो. चार-पाच महिन्यांचे बाळ दिसलेल्या वस्तूकडे नेमका हात नेऊ लागते आणि पुढे हा मेळ सरावाने पक्का होतो. एक डोळा कमजोर असेल तर वस्तूच्या अंतराचा अंदाज चुकतो आणि हात चाचपडतो. मूल वारंवार झेल सोडत असेल किंवा पेल्यात ओतताना पाणी सांडत असेल, तर त्याला वेंधळे ठरवण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. अशा कमजोर, म्हणजेच ‘आळशी’ डोळ्यावरचे उपचार लहान वयातच सर्वाधिक लागू पडतात.