हिंगण्याच्या माळावरील कार्यशाळा

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस, आज कर्वेनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत, जेथे एके काळी हिंगणे खेड्याचा ओसाड माळ पसरलेला होता, तेथे १९९१ साली महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने केवळ मुलींसाठी एक अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. शेजारच्या कोथरूडात, १९६२ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्स या कंपनीची डिझेल इंजिने तयार होत होती. त्याच कमिन्स उद्योगाचे साहाय्य या कार्यास लाभले आणि त्याचेच नाव महाविद्यालयास मिळाले. इंजिनाचा कारखाना आणि विधवांच्या आश्रमातून वाढलेली संस्था यांचा हा संयोग वरवर पाहता विलक्षण वाटेल. परंतु संस्थेचा पूर्वेतिहास ज्यास ठाऊक आहे त्यास त्यात विलक्षण असे काही वाटणार नाही.

धोंडो केशव कर्वे हे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पुढे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन व साडेसातशे रुपये दिले, तेव्हा १९०० साली तो आश्रम शहराबाहेर एका झोपडीत आला. दिवसभराचे अध्यापन आटोपून, पावसाळ्यात चिखल तुडवीत, कर्वे पायी हिंगण्यास जात, ही हकिकत महाराष्ट्रास सुपरिचित आहे. कर्व्यांच्या दयाबुद्धीचे गुणगान पुष्कळ झाले आहे. मला मात्र त्यांच्या व्यवहारबुद्धीचे अधिक कौतुक वाटते. ज्या स्त्रीला राहावयास जागा नाही ती शिकू शकत नाही, आणि शिकूनही जी चार पैसे मिळवू शकत नाही तिला पुन्हा दुसऱ्याच्या दाराशीच उभे राहावे लागते, हे त्यांनी ओळखले होते; म्हणून निवास, विद्या आणि उपजीविका या तीन गोष्टी त्यांच्या संस्थेत प्रथमपासून एकमेकींस बांधलेल्या होत्या. त्या काळी उपजीविका म्हणजे शिक्षिकेची वा परिचारिकेची नोकरी. नव्वद वर्षांनी ती अभियंत्याची नोकरी झाली, एवढाच काय तो फरक.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची पहिली खरी गाठ यंत्रविद्येशी पडते ती फिटिंगच्या टेबलापाशी. हाती येते ती गंज चढलेली पोलादी पट्टी. ती व्हाइसमध्ये आवळावयाची, हॅक्सॉने कापावयाची आणि मग कानशीने घासून घासून तिच्या कडा काटकोनात आणावयाच्या. कानस दोन्ही हातांनी धरून, पाय योग्य अंतरावर रोवून, पुढे जाताना दाब द्यावा व मागे येताना तो काढून घ्यावा लागतो. दाब एका हाताचा अधिक झाला की कड फुगते. मग पट्टी गुण्यास लावून खिडकीच्या उजेडाकडे धरावी, आणि मधून प्रकाशाची बारीकशी रेघ दिसली की पुन्हा व्हाइसकडे वळावे. दोन पट्ट्या एकमेकींत घट्ट बसेपर्यंत तळहातास फोड येतात आणि नखांत लोखंडाचा कीस जाऊन बसतो. काम कष्टाचे खरे, पण मनगटाच्या बळापेक्षा त्यास धीराची व नजरेची गरज अधिक.

आता जेथे मुलगे व मुली एकत्र शिकतात तेथे या टेबलापाशी पुष्कळदा काय घडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस सांगावयास नको. हातोडा मुलगा उचलतो, लेथचा चक मुलगा आवळतो आणि टिपणे सुवाच्य अक्षरात उतरवून काढण्याचे काम मुलीकडे येते. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. सौजन्याच्याच पोटी मुलीच्या हातून विद्या काढून घेतली जाते. मुलींच्या महाविद्यालयात हे सौजन्य दाखवावयास कोणी नसते. यंत्र अडले तर मुलींपैकीच कोणी त्याखाली वाकते, जड वस्तू उचलावयाची तर दोघीजणी उचलतात. अशा महाविद्यालयाची खरी महत्ता मी येथे मानतो. मुलींना निराळे ठेवल्याने पुढे कारखान्यातील पुरुषांत त्या बुजतील, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. परंतु चार वर्षे आपल्या हातांनी यंत्र उघडून जोडलेली मुलगी बुजण्याचा संभव, चार वर्षे बाजूस उभे राहून ते पाहणाऱ्या मुलीपेक्षा, निश्चितच कमी.

एकटीने शिकून पुढे गेलेल्या स्त्रिया आपल्याकडे झाल्याच नाहीत असे नाही. १९७४ साली टाटा उद्योगसमूहातील टेल्को कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असा मजकूर वाचून सुधा कुळकर्णी, म्हणजेच आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट समूहाचे प्रमुख जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले आणि त्या टेल्कोत रुजू झाल्या. हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्या आपल्या वर्गातील एकट्याच विद्यार्थिनी होत्या. असे धैर्य वंदनीयच. पण प्रत्येक मुलीने नोकरीसाठी उद्योगसमूहाच्या प्रमुखास पत्र लिहावे, ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही.

शिवाय जाहिरातीतील मज्जाव एका पत्राने उठला तरी कायद्यातील मज्जाव तसा उठणारा नव्हता. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील सहासष्टाव्या कलमाने स्त्रियांना सायंकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कारखान्यात कामास ठेवण्यास मनाई केली होती, आणि राज्य सरकारने सवलत दिली तरी रात्री दहा ते पहाटे पाच हा काळ वर्ज्यच राही. हेतू संरक्षणाचा होता, आणि त्या काळच्या गिरण्या पाहता तो अकारणही नव्हता. परंतु परिणाम असा झाला की, तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात जिला तिसरी पाळी दिसतच नाही तिच्या हाती उत्पादन विभाग सोपविण्यास अधिकारी कचरत, आणि ती आराखडे, नियोजन, दफ्तर यांकडे वळविली जाई. यंत्र रात्री दोन वाजता बिघडते तेव्हा ते का बिघडले हे तेथे हजर असलेल्यासच कळते. बढतीची वाटही तेथूनच जाते. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ही मनाई घटनाविरोधी ठरविली आणि पुढे हळूहळू, सुरक्षिततेच्या अटींवर, रात्रपाळीची मुभा मिळत गेली. अटी योग्यच आहेत. घरापर्यंत पोहोचविणारी गाडी, स्वतंत्र प्रसाधनगृह आणि पाळणाघर यांवाचून ती मुभा कागदावरच राहील.

कर्वेनगरच्या महाविद्यालयातही हा क्रम उमटलेला दिसतो. आरंभीच्या शाखा इलेक्ट्रॉनिक्स, संगणक अशा, म्हणजे ज्यांतील नोकरी बहुधा स्वच्छ व वातानुकूलित दालनात मिळते त्या. यंत्र अभियांत्रिकीची शाखा तेथे आली ती नव्या शतकात. उशीर झाला हे खरे, पण जोवर कारखान्याची दारे अर्धवटच उघडी होती तोवर संस्थेने मुलींस त्या वाटेने कशाच्या भरवशावर पाठवावे, हाही प्रश्न होताच.

आज चाकणला मोटारसायकली आणि पुण्याच्याच टाटांच्या कारखान्यात मोटारगाड्या जुळविणाऱ्या, सर्वस्वी स्त्रियांनी चालविलेल्या ओळी आहेत. त्यांचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकते तेव्हा आनंद होतो. तरी जुळणीच्या ओळीवर नेमून दिलेली कृती ठरलेल्या वेळात करावयाची असते. बिघाडाचे निदान, साच्यांची दुरुस्ती, ओतशाळेतील धातूची पारख ही कामे निराळ्या तयारीची आहेत, आणि कारखान्यातील अधिकार ज्यांच्याकडे जातो ती माणसे बहुधा त्यांतूनच घडतात. कर्वेनगरातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलींना कंपन्यांनी पहिली दोन वर्षे याच विभागांत, तिन्ही पाळ्यांत फिरवावे, आणि फोरमनच्या जागा भरताना त्यांची नावे यादीत असावीत.