जुन्या रिळांना व्हिनेगरचा वास का येतो?

जुन्या सिनेमाच्या रिळाचा पत्र्याचा डबा उघडला, की कधी कधी आंबट भपकारा नाकात शिरतो. आतली फिल्म आक्रसलेली असते, कडा वेड्यावाकड्या वळलेल्या असतात, आणि उलगडू गेलं तर तुकडा पडतो. हा वास व्हिनेगरचाच. कारण त्यातलं अ‍ॅसिटिक आम्ल इथेही तयार होत असतं.

सिनेमाची सुरुवातीची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची होती. जळताना तीच ऑक्सिजन पुरवते, त्यामुळे पाण्यातही विझत नाही. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची अशी कितीतरी रिळं खाक झाली. १९५० च्या सुमारास नायट्रेट फिल्मची जागा अ‍ॅसिटेटच्या ‘सेफ्टी फिल्म’ने घेतली. ती सहजी पेटत नाही, पण दमट उष्म्यात तिचं विघटन होऊन आम्ल सुटतं. तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देतं. बंद डब्यात वाफ कोंडली की नासाडी आणखी झपाट्याने होते, शेजारच्या रिळांनाही झळ पोहोचते.

ही झीज भरून काढता येत नाही. थंड, कोरड्या जागेत ती फक्त मंदावते. म्हणून संग्रहालयांत डब्यात रंग बदलणारी कागदी पट्टी ठेवतात. निळ्याची पिवळी झाली, की आम्ल वाढलं समजायचं. एकदा गेलेला सिनेमा परत मिळत नाही: भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. घरात जुनी रिळं असतील, तर ती माळ्यावरून उतरवा आणि वास येण्याआधीच डिजिटल प्रत करून घ्या.