हादरा आणि लाट यांमधला अवधी

भूकंप नेमका केव्हा होईल, हे आधी सांगणे शास्त्राला अजून साधलेले नाही. भूकंपामागून येणाऱ्या समुद्राच्या लाटेची गोष्ट मात्र निराळी आहे. ती येण्यापूर्वी थोडा अवधी मिळतो. त्या अवधीचे माणसांनी काय केले, एवढेच आज आपण पाहू.

‘त्सुनामी’ हा शब्द जपानी. ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. भूकंपाने समुद्राचा तळ एकाएकी उचलला गेला किंवा खचला की त्यावरचे सारे पाणी हलते. हादरे खडकांतून सेकंदाला कित्येक किलोमीटर धावतात. लाट खोल समुद्रातही ताशी सातआठशे किलोमीटरच जाते. म्हणून हादरा आधी आणि लाट मागाहून. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात तिचा वेग मंदावतो, पण उंची वाढते.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी पोर्तुगालची राजधानी लिस्बन हादरली. कोसळत्या भिंतींच्या भयाने लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले. सुमारे ४० मिनिटांनी समुद्र नदीत घुसला आणि त्यांतील कित्येकांना घेऊन गेला. अवधी मिळाला होता. त्याचा अर्थ मात्र कोणाला ठाऊक नव्हता.

आपला पश्चिम किनाराही यातून सुटलेला नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्यालगत भूकंप झाला आणि त्याची लाट मुंबईपर्यंत पोहोचून येथेही बळी घेऊन गेली. ही आठवण आज किती मुंबईकरांना असेल?

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्रतळ फाटला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट येण्यास सुमारे दोन तास लागले. पण इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. उलट, भूकंपाच्या केंद्राशेजारच्या सिमेउलुए बेटावर लाट काही मिनिटांतच आली, तरी सुमारे ७८,००० वस्तीतून अवघी ७ माणसे दगावली. १९०७ साली तेथे अशाच लाटेने संहार केला होता. ‘जमीन जोराने हालली आणि समुद्र मागे हटला, की डोंगर गाठा’ ही शिकवण तेव्हापासून आजीआजोबांनी नातवंडांना गाण्यागोष्टींतून दिली होती.

२००७ पासून हैदराबादेत इशारा देणारे केंद्र आहे. ते हवेच, पण भूकंप जवळ झाला तर इशाऱ्याची वाट पाहण्याइतकाही वेळ नसतो. तेथे हादरा हाच इशारा. तो ओळखण्याची शिकवण घरातूनच मिळावयास हवी.