सोबत राहणारा आचार्य

दिवसा भरणाऱ्या शाळेत विद्यार्थी शिक्षकाला पाच-सहा तास पाहतो. निवासी शाळेत तो त्याला पहाटेच्या वंदनेपासून रात्री दिवे मालवेपर्यंत पाहत असतो. गुरुजी किती वाजता उठतात, ताटात अन्न टाकतात का, स्वयंपाकघरातील मावशींशी कोणत्या शब्दांत बोलतात, राग आल्यावर काय करतात, हे सारे मुलांच्या डोळ्यांसमोर घडते. नवलाख उंबऱ्याच्या या परिसरात, घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलांना आईवडिलांचे वागणे सुट्टीपुरतेच दिसते. वर्षातले उरलेले महिने त्यांच्यासमोर असतो तो शिक्षक.

‘शिक्षकांचा आदर्श’ हा शब्दप्रयोग सत्काराच्या भाषणांत वारंवार येतो. परंतु हा आदर्श प्रत्यक्षात कसा घडतो, तो मुलांपर्यंत कसा पोहोचतो आणि कशाने बिघडतो, याचा विचार फारसा होत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधव यांच्यासमोर तो विचार मांडण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहोत.

मावळातील जुना वारसा

आचार्य आणि शिष्य यांनी एकत्र राहण्याची परंपरा आपल्या मावळाला नवी नाही. भाजे येथील लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरली गेली. कार्ल्याचे चैत्यगृह हे भारतातील कोरीव चैत्यगृहांमध्ये सर्वांत मोठे मानले जाते. तेथील एका शिलालेखात, नहपानाचा जावई उषवदात याने वळुरक येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे. मावळचा पाऊस आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या पावसाच्या काळात भिक्खू फिरती थांबवून एका ठिकाणी राहत आणि अध्ययन, चिंतन करीत. भाज्याच्या विहारात लहान लहान खोल्या आणि त्यांत झोपण्यासाठी कातळातच कोरलेले ओटे आजही पाहावयास मिळतात. आपल्या सहली तेथे जातात, तेव्हा मुले त्या ओट्यांवर हटकून बसून पाहतात.

या सहजीवनाचे नियम विनयपिटकात आले आहेत. तेथे आचार्याच्या शिष्याला ‘अंतेवासिक’ म्हणजे जवळ राहणारा आणि उपाध्यायाच्या शिष्याला ‘सद्धिविहारिक’ म्हणजे सोबत राहणारा असे म्हटले आहे. शिकणे हे जवळ राहण्यातून होते, ही समजूत त्या नावांतच आहे. शिष्याने उपाध्यायाला पुत्राप्रमाणे मान द्यावा आणि उपाध्यायाने शिष्याला पित्याच्या मायेने वागवावे, अशी अपेक्षा तेथे सांगितली आहे. शिष्याची कर्तव्येही बारकाईने दिली आहेत: सकाळी दातवण देणे, तोंड धुण्यास पाणी ठेवणे, आसन मांडणे, पेज आणून देणे, राहण्याची जागा झाडणे.

इथपर्यंतचा भाग गुरुसेवेच्या कोणत्याही परंपरेत सापडेल. विनयाचे वेगळेपण त्यापुढे आहे. शिष्य आजारी पडला, तर दातवण, पाणी, आसन, पेज, झाडलोट ही सगळी कामे उपाध्यायाने शिष्यासाठी करावीत, असा नियम आहे. सेवेची यादी दोघांनाही तीच लागू होते. ज्याला गरज असेल त्याच्यासाठी ती करावयाची. त्याचप्रमाणे उपाध्यायाचे बोलणे नियमभंगाच्या जवळ जात असेल, तर शिष्याने त्याला आवरावे, असेही सांगितले आहे. नियम गुरूसाठी वेगळा आणि शिष्यासाठी वेगळा नाही. शिक्षकाच्या आदर्शाचा पाया आम्हाला येथे दिसतो.

आधी कृती, मग उपदेश

विनयपिटकातीलच एक प्रसंग प्रत्येक वसतिगृहाने लक्षात ठेवावा असा आहे. तथागत आणि आनंद विहारातील निवासस्थाने पाहत फिरत होते. एका खोलीत अतिसाराने पीडित असा भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला त्यांना आढळला. त्याची विचारपूस करणारे कोणी नव्हते. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून त्यांनीही त्याच्याकडे पाठ फिरविली होती. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजविले. हे सर्व झाल्यानंतरच त्यांनी भिक्खुसंघाला एकत्र बोलाविले. इथे तुमची काळजी घेण्यास आई नाही आणि वडीलही नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार, अशा आशयाची समज त्यांनी दिली. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रुग्णाची सेवा करावी, असेही सांगितले.

या प्रसंगातील क्रम महत्त्वाचा आहे. संघाला आधी बोलावून रुग्णसेवेवर प्रवचन देता आले असते, किंवा दोन भिक्खूंना ते काम नेमून देता आले असते. तथागतांनी आधी स्वतः पाणी ओतले. त्यानंतर जे शब्द आले, त्यांना त्या पाण्याचा आधार होता. आपल्या वसतिगृहातही मुलांजवळ आईवडील नसतात. मध्यरात्री तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी कोण बसले, हे त्या खोलीतील सर्व मुले पाहत असतात. करुणा या शब्दाचा अर्थ त्यांना त्या रात्री कळतो, किंवा कळावयाचा राहून जातो.

वागणुकीतून वाईटही शिकविले जाते

वागण्यातून शिकविण्याची शक्ती केवळ चांगल्याच दिशेने काम करते, असे नाही. साताऱ्यातील शाळेत बाल भीमरावांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट शाळेचा नोकर शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यावे आणि सकाळी परत आणावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी मिळे; शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. बाबासाहेबांनी स्वतः ही हकिकत लिहून ठेवली आहे.

त्या वर्गात बसलेल्या इतर मुलांचा येथे विचार करावा. माणसामाणसांत भेद करावयास त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकविण्याची गरज उरली नव्हती. गोणपाटाकडे आणि नळाकडे पाहून, आणि हे सारे गुरुजींना चालते हे पाहून, तो धडा ती रोज गिरवीत होती. शिक्षक जे सहन करतो, ज्याकडे काणाडोळा करतो, तेही मुलांसाठी शिक्षणच असते.

याच सातारा शहरात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृह सुरू केले. रयत शिक्षण संस्थेची स्थापना त्यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे केली होती. साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे एकत्र करीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. समतेवर व्याख्यान देणारे त्या काळी अनेक होते. कर्मवीरांनी ती समता पंगतीत आणली आणि स्वतःच्या घरापासून तिची सुरुवात केली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रदेखील मोडले. ज्या मुलांनी हे पाहिले, त्यांना त्यागाची व्याख्या सांगावी लागली नाही.

त्याच १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली आणि सभेने १९२५ च्या आरंभी सोलापूर येथे वसतिगृह उघडले. वंचितांच्या मुलांना शिकविण्यासाठी त्यांच्या राहण्याची सोय आधी करावी लागते, ही जाणीव या दोन्ही प्रयत्नांमागे होती. आपली निवासी शाळा त्याच वाटेवर उभी आहे.

छोट्या कृतींची ताकद

अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणे घडी करून ठेवीत, पसरलेले कपडे आवरीत. त्यांनी याचा गाजावाजा केला नाही, कोणाला शिक्षा केली नाही. आपली खोली गुरुजी आवरतात हे कळल्यावर मुलांनाच संकोच वाटू लागला आणि ती स्वतः आवरू लागली. मुलांसाठी ते रोज हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिकही काढीत. आज्ञेने जे होत नाही, ते शिक्षकाच्या मूक कृतीने कसे होते, याचे हे उदाहरण आहे.

कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची कृती तर याहूनही लहान होती. मुंबईतील चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा नेमाने वाचीत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याच्या वाचनाला दिशा दिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हाच्या सत्कारसभेत केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यासही त्यांनीच साहाय्य केले. केळुसकर हे काही भीमरावांचे वर्गशिक्षक नव्हते. एका वाचणाऱ्या मुलाकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही, इतकेच. त्या भेटीपासून १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंतचा प्रवास आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आरसा आणि पवारणा

येथे एक प्रश्न उभा राहतो. शिक्षक हाही माणूस आहे. त्याने चोवीस तास निर्दोष कसे राहावे? धम्माने याचे उत्तर दिले आहे. अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तथागतांनी राहुलाला भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रामण्य एवढेच थोडे, असे ते म्हणाले. मग ते पाणी फेकून, भांडे पालथे करून, रिकामे दाखवून त्यांनी तीच गोष्ट पटवून दिली. त्यानंतर त्यांनी आरशाचा दाखला दिला. आरशात जसे मुख पाहतो, तसे काया, वाचा आणि मनाचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. कर्म चुकले असेल तर ते सुज्ञांजवळ उघड करावे आणि पुढे सावध राहावे.

वर्षावासाच्या अखेरीस होणारी पवारणा ही याच विचाराची सामूहिक रीत आहे. माझ्या वागण्यात काही दोष पाहिला, ऐकला किंवा जाणवला असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. संयुत्तनिकायातील पवारणा सुत्तात स्वतः तथागतांनी, माझ्या काया-वाचेत तुम्हाला काही निंद्य दिसते काय, असे संघाला विचारले आहे. जिथे शास्ता स्वतः हा प्रश्न विचारतो, तिथे कोणत्याही शिक्षकाला तो विचारण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. चुकलेला शिक्षक चूक मान्य करतो, तेव्हा मुले सत्य बोलण्याचे धाडस शिकतात.

आपल्या शाळेपुरते

या सर्वांचा रोजच्या व्यवहाराशी काय संबंध, हे सांगणे आवश्यक आहे. सकाळी मुलांसोबत पंचशील म्हणणाऱ्या शिक्षकाने दुपारी फोनवर ‘मी नाही म्हणून सांग’ असे मुलाला सांगितले, तर चौथे शील तिथेच मोडते. पाचवे शील म्हणणाऱ्याच्या खिशातील तंबाखूची पुडी मुलांना बरोबर दिसते. मुलांसाठी एक आमटी आणि शिक्षकांसाठी दुसरी, असे असेल तर समतेचा पाठ पंगतीतच पुसला जातो. शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहेच. परंतु हात उगारणारा शिक्षक कायदा मोडण्याबरोबरच, मोठ्याने लहानाला मारावे हेही शिकवीत असतो.

पालकांनी हे काम शाळेवर सोपवून निश्चिंत होऊ नये. सुट्टीत घरी आलेले मूल घरातील बोलणे आणि वागणे यांची तुलना शाळेशी करीतच असते. दोन्हीकडे एकच वागणूक दिसली, तर ती त्याच्या अंगी मुरते.

माजी विद्यार्थ्यांकडून आमची अपेक्षा थोडी निराळी आहे. आपण शिक्षकांचे गुण गाता, ते आम्हाला आनंदाचे वाटते. त्याबरोबरच येथे राहत असताना आमच्या वागण्यात आपल्याला काय खटकले, कोणत्या क्षणी आमचे शब्द आणि कृती यांचा मेळ बसला नाही, तेही आम्हाला सांगावे. अश्विन पौर्णिमेच्या सुमारास दरवर्षी शिक्षकांनी विद्यार्थ्यांसमोर बसून हाच प्रश्न विचारण्याची प्रथा शाळेने सुरू करावी, असा आमचा प्रस्ताव आहे. मुले प्रथम संकोचतील, काही वर्षांनी मोकळेपणाने बोलतील. त्यांचे बोलणे शांतपणे ऐकून घेणे, हा त्या दिवशीचा आमचा पाठ असेल.