दिवा काय सांगतो?

दिल्लीला लाल किल्ल्यासमोर लाजपतराय मार्केट हा विजेच्या सुट्या सामानाचा मोठा बाजार आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी लहानसे यंत्र करू पाहणाऱ्या मुलाला लागणारी मोटर, बटण आणि एलईडी दिवा अशा बाजारात सहज मिळतो. मोटर चालू आहे की बंद, हे कळावे म्हणून तो हा दिवा जोडतो. आणि पुष्कळदा दिवा क्षणभर लखकन चमकून कायमचा विझतो. दोष दिव्याचा नसतो, जोडणीचा असतो.

साध्या बल्बमधील तार तापली की तिचा रोध वाढतो आणि प्रवाहाला आपोआप आळा बसतो. एलईडीला असा संयम नाही. तांबड्या एलईडीवरील दाब सुमारे २ व्होल्ट झाला की तो पेटतो. त्यापुढे दाब किंचित वाढला तरी प्रवाह बेसुमार वाढतो. म्हणून त्याच्यासोबत एकसरीत रोधक हवाच. चार घटांचे ६ व्होल्ट असतील, तर दिव्याचे २ वजा जाता ४ व्होल्ट उरतात. ४७० ओहमचा रोधक घातला, तर प्रवाह साडेआठ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. दिव्याला तेवढा पुरेसा आहे.

दिवा आणि रोधक यांची ही जोडी मोटरीशी समांतर जोडावी, एकसरीत नव्हे. मोटरीला लागणारा प्रवाह दिव्याला पेलवणारा नसतो.

दुसरा धोका बटण बंद करताना उद्भवतो. मोटरीच्या वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र एकाएकी मावळते आणि क्षणमात्र उलट दिशेचा मोठा दाब निर्माण होतो. एलईडी उलटा दाब साधारण ५ व्होल्टपर्यंतच सोसतो. यावर उपाय असा, की मोटरीच्या दोन टोकांना एक साधा डायोड जोडावा आणि त्याची पट्टी असलेली बाजू धन टोकाकडे ठेवावी. मात्र मोटर उलटसुलट फिरवायची असेल, तर हा उपाय चालत नाही. दिशा बदलताच तो डायोड घटांचे मंडल लघुपथित करतो.

इतके सारे नीट जुळल्यावरही एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. दिवा फक्त आपल्या दोन टोकांमधील दाबाची साक्ष देतो. मोटरीचा दांडा अडकून ती तापत असली, तरी दिवा शांतपणे तेवत राहू शकतो. उलट, बटण बंद केल्यावरही मोटर वेगाने फिरत राहिली, तर ती स्वतःच थोडी वीज निर्माण करते आणि दिवा हळूहळू मंदावत विझतो.

घरातील २३० व्होल्टच्या विजेवर ही जोडणी कदापि करू नये. तेथे त्या दाबासाठी बनवलेला तयार निदर्शक दिवाच वापरावा. आणि तो विझलेला दिसला म्हणून तारेला हात लावू नये. वीज गेल्याने दिवा विझतो, तसा तो स्वतः बिघडल्यानेही विझतो. मुख्य पुरवठा तोडून आणि मापकाने खात्री करूनच पुढचे काम करावे. पेटलेला दिवा काहीतरी सांगतो. विझलेल्या दिव्याचे मौन म्हणजे अभयदान नव्हे.